पाण्याला आवतण

"काकी, ट्रॉली माणसं बघून घेत्यात. म्हशीला दाखवाय कुणी आणतंय व्हय?" वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सारत सयाजी म्हणाला.

"हिच्यात चढायचं कुणी हाय? मी का ती?" अंजनानं विचारलं आणि चंद्रीचं दावं जरा सैल सोडलं.

सयाजीच्या वर्कशॉपसमोर जनावरं न्यायच्या तीन ट्रॉल्या उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढं चंद्री म्हैस चारी पाय रोवून उभी होती. गावापासून इथपर्यंत अंजनानं तिला उसातल्या वाटेनं चालवत आणलं होतं. वाटेत एकानं, बाजार नसताना म्हैस कुठं निघाली, म्हणून विचारलं. दुसऱ्यानं, पोरगी दाखवाय चाललाय का, म्हणून थट्टा केली. अंजनानं हसून घेतलं. हसण्यासारखंच होतं ते. ती कशाच्या धास्तीनं निघाली होती, ते त्यांना कुठून दिसणार?

पहिली ट्रॉली ऋषिराजनं पसंत केलेली. पोरगा फौजेत, जोधपूरला. त्यानं फोटो बघून फोनवर ठरवून टाकलं होतं, आई, हीच घे. हायड्रॉलिक, निळा रंग, देखणी. पण तिचा तळ अंजनाच्या छातीला लागत होता. चंद्रीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसरी चहूबाजूंनी पत्र्यानं बंद. "ऊन न्हाई, वारा न्हाई. एकदम घरासारखी," सयाजी म्हणाला. अंजना स्वतः आत गेली, दार ओढून घेतलं आणि लगेच बाहेर आली. तिच्या कपाळावर घाम फुटला होता.

"ह्यात पाणी शिरलं तर ती बाहेर कुठनं पडंल?"

"ट्रॉलीत कशाला पाणी शिरंल, काकी?" सयाजी बोलून गेला आणि त्याचं त्यालाच उमगलं. त्याचं वर्कशॉप उंचावर होतं, पण दोन हजार एकोणीसचा महापूर त्यानंही बघितला होता. त्यानं तिसऱ्या ट्रॉलीकडं बोट केलं.

तिसरी कुणा डेअरीवाल्याची जुनी. ठिकठिकाणी गंज, बाजूंना नुसते गज. पण तळ गुडघ्याएवढा, त्यावर लाकडी फळ्या, आणि मागचा रुंद फाळका पार जमिनीला टेकणारा. अंजनानं टाचेनं फळी ठोकून पाहिली. आवाज घुमला नाही, म्हैस बिचकायची नाही. चंद्री फाळक्यापर्यंत आली, वास घेतला आणि तिथंच थांबली.

"ही बी न्हाईच चढली की," सयाजी म्हणाला.

"चढंल. वास तरी घेतला तिनं. हीच दे."

तिला ट्रॉलीची एवढी निकड कशासाठी होती, ते गावाला माहीत नव्हतं. महापुरात पाणी दारात आलं तेव्हा नाथाजीनं, तिच्या नवऱ्यानं, जनावरांची दावी कापली होती. फौजेतून रिटायर झालेला माणूस, मागंपुढं बघितलं नव्हतं. म्हशी पोहतील, रस्त्याच्या चढाला लागतील, असा त्याचा अंदाज. आणि लागल्याही. पण वर जाऊन दोघी थबकल्या, मागं वळल्या आणि पोहत पोहत पुन्हा गोठ्यात शिरल्या. जनावर भ्यालं की घर गाठतं. त्यांचं घर पाण्यात होतं, एवढंच. नाथाजी त्यांच्यामागं आत गेला. नावेतल्या पोरांनी त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा त्याच्या काखेत एक रेडकू होतं. तीच ही चंद्री. तिची आई आणि दुसरी म्हैस हरणी, दोघी गव्हाणीपाशीच राहिल्या.

त्यानंतर नाथाजी मुका झाला वगैरे काही नाही. उसाच्या तोडीवरून भांडायचा, पारावर बसून सरकार चालवायचा. पण एकदा भाकरी मोडता मोडता तो सहज बोलावं तसं बोलला, "पुढल्या टायमाला मला न्यायला नाव पाठवू नगा."

तेव्हापासून पावसाळा लागला की ती जनावरांपेक्षा नवऱ्याला जास्त राखायची. नदीला पाणी चढलं की तो कुठं बसलाय हे आधी बघायची. विचार करकरून तिनं एकच मार्ग काढला होता. जनावरं आधीच बाहेर काढायची. मग माणूस मागं राहील कशासाठी?

ट्रॉली दारात आली तेव्हा नाथाजीनं तिच्याकडं पाठ केली.

"कशाला आणलीस ही? पाण्याला आवतण दिल्यागत हाय."

"आवतण नसलं म्हणून ते यायचं ऱ्हातंय व्हय?" अंजना म्हणाली. पण रात्री अंथरुणावर तिला तेच वाटत राहिलं, की आपण खरंच काही ओढवून तर घेत नाही ना. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. ह्या घरात तर आता ताकाचं नाव काढायचीही चोरी झाली होती.

म्हशीला ओढून काही होत नाही. ओढलं की ती पाय रोवते आणि मग दहा माणसं लागली तरी हलत नाही. अंजनानं ओढलंच नाही. गोठ्यातली माती आणून ट्रॉलीच्या फळ्यांवर पसरली, शेणानं सारवून घेतली. संध्याकाळची पेंड आधी फाळक्याच्या पायथ्याशी ठेवली, मग फाळक्यावर, मग आत. चंद्रीनं पुढचे दोन पाय ठेवले आणि मागं घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवले. आषाढ लागेपर्यंत घमेल्याचा आवाज झाला की चंद्री आपली आपण वर जायला लागली. तिच्यामागं बाकीच्या दोन म्हशी आणि रेडकू. रात्री रवंथही तिथंच. गावातल्या बायका म्हणायच्या, अंजीनं म्हशींना माडी बांधली. नाथाजी मात्र तिकडं फिरकला नाही. वैरण आणायचा आणि रिकाम्या गोठ्याच्या दारात टाकायचा. तिथनं ती अंजना उचलून न्यायची.

पाणी आलं ते सकाळी, लख्ख ऊन पडलेलं असताना. गावात पावसाचा थेंब नव्हता. ग्रामपंचायतीचा भोंगा सांगत होता, कोयनेचे दरवाजे उचललेत, नदीकाठच्यांनी निघावं. कृष्णेचं पाणी आवाज करत येत नाही. उसाच्या बुडख्यांत नुसतं चकाकायला लागतं आणि बघता बघता सरी भरतात. ते चकाकणं दिसलं आणि अंजनानं शेजारी ट्रॅक्टरसाठी हाळी दिली.

शेजारचा गुंडा ट्रॅक्टर घेऊन आला, ट्रॉली जोडली. अंजनानं घमेलं वाजवलं. चंद्री चढली, बाकीच्या चढल्या, रेडकू उडी मारून आत गेलं. गुंडा बघतच राहिला.

"वैनी, मिरवणुकीला निघाल्यागत चढल्या की गं. आण्णा कुठं हायत?"

नाथाजी गोठ्यात होता. रिकाम्या गव्हाणीच्या कठड्यावर बसला होता. पाणी उंबऱ्याला लागलं होतं.

"चला, आवं. जनावरं चढली."

"तुमी व्हा म्होरं. मी बघतो हितलं."

"काय बघता? हाय काय हितं?"

त्यानं रिकाम्या गव्हाणीत हात फिरवला. अंजना गव्हाणीपाशी उभी राहिली. तिचा सगळा अंदाज चुकला होता. जनावरं वाचवली की माणूस आपोआप वाचेल, असं ती धरून चालली होती. तो जनावरांसाठी थांबला नव्हताच.

"मर्दासारखं उठा की," ती ओरडली. तिनं दंड धरून ओढला. नाथाजीनं दोन्ही हातांनी कठडा पकडला.

"पाय उचलंना, अंजना," तो हळू म्हणाला. "लय भ्या वाटतंय. भाईर पाणी दिसतंय, आन् त्या दोघी अजून आत हायत असं वाटतंय."

इतक्या वर्षांत तो हे पहिल्यांदा बोलला होता. अंजनानं त्याचा दंड सोडला. म्हशीला ओढलं की ती पाय रोवते. बाहेर गुंडा हॉर्नवर हॉर्न देत होता. पण ती घाई न करता बाहेर गेली, घमेल्यात पेंड भरली आणि आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"माजा हात भरून आलाय. चंद्रीची पेंड ऱ्हायलीया. ती हंबरतीया, तुमाला ऐकू येतंय न्हवं? तेवढी घालून या."

चंद्री खरोखरच हंबरत होती. नाथाजीनं घमेल्याकडं पाहिलं. मग एक हात कठड्यावरून सुटला, मग दुसरा. घमेलं दोन्ही हातांनी छातीशी धरून तो उठला. अंजना त्याच्यापुढं झाली नाही, मागंच राहिली. तो पाण्यात उतरला, फाळक्यापाशी थांबला. पुढचं पाऊल ठेवलं, मागं घेतलं. त्यानं पुन्हा पाऊल ठेवलं आणि सारवलेल्या मातीवर चढला. तिनं फाळका लावला आणि गुंडाला हात केला.

माळावरच्या छावणीत गर्दी होती. जनावरं उतरवायला आलेल्या पोरांनी फाळका पाडला, हाळ्या दिल्या, शेपट्या पिरगाळल्या. चंद्री हलली नाही. तिच्यामागच्याही हलल्या नाहीत. आत कोपऱ्यात चंद्रीच्या पुढच्या पायांना टेकून नाथाजी बसला होता. घमेलं रिकामं झालं होतं, तरी त्यानं ते मांडीवर घट्ट धरलं होतं.

"मावशी, उतरवा की ह्यांस्नी. आण्णांस्नी बी सांगा," एक पोरगा म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या, बाळांनो. घरातच हायत ती."

लांब खाली गावाच्या जागी आता नुसतं पाणी होतं. अंजनानं तिकडं एकदा बघून घेतलं. मग फाळक्याच्या पायथ्याशी चपला काढून नीट एका बाजूला ठेवल्या आणि ती आत गेली.