ब्रुनाचे नऊ फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे. माझी चामडी पिशवी उसवली आहे, काचेला एक चरा पडला आहे. पण मित्रांनो, माझी आठवण अजून शाबूत आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजाने मी उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर आलो आणि एल्स्पा नावाच्या शिक्षिकेच्या हाती पडलो. लग्ने, होड्यांच्या शर्यती, मेंढ्यांची लोकर कातरणी, सारे मी टिपले. गावात काही शुभ असले की माझी आठवण आधी व्हायची, मग एल्स्पाची!

आमच्या शेजारी तुम्मस नावाचा एकटा म्हातारा राहायचा. त्याची घोडी ब्रुना. बुटकी, तपकिरी, दाट केसांची. पूर्वी घरोघरी असे घोडे होते. डोंगरावरचे गवत आणि चुलीचे सरपण त्यांच्याच पाठीवरून खाली यायचे. पुढे कित्येक घोडे खाणींत राबायला परदेशी गेले. मग ट्रॅक्टर आले आणि उरलेल्यांना कुणी विचारीना.

एका सप्टेंबरात तुम्मस दारात आला. "मास्तरीणबाई, ब्रुनाचा एक फोटो काढून दे. शनिवारी खाटीक येतोय."

"तुम्मसकाका! अहो, धडधाकट घोडी आहे ती!"

"म्हणून तर खाते चांगली! ट्रॅक्टर उभा असला की निदान चरत तरी नाही. फोटो भिंतीवर लावीन. आठवण राहील."

आम्ही कुरणात गेलो. एल्स्पाने मला डोळ्याला लावले. तुम्मस ब्रुनाच्या कपाळावरचे केस विंचरत होता. केस विंचरून झाले तरी तो तिच्यापासून बाजूला होईना, हे मला काचेतून स्पष्ट दिसले. एल्स्पाने मला खाली घेतले.

"नाही काढत."

"का गं?"

"भिंतीवरची घोडी तुम्हाला धुक्यातून घरी आणणार आहे का?"

तुम्मसने डोंगराकडे पाहिले. दोन वर्षांपूर्वी डोंगरावर त्याचा पाय मुरगळला होता. धुके असे दाट, की हात दिसेना. ओल्या, निसरड्या कातळावरून एकही पाऊल न चुकवता ब्रुनाने त्याला दारात आणून सोडले होते.

"पण हिला जोडीदार कुठे उरलाय, पोरी? वंशच संपला."

"शोधलाय का कुणी?"

मग एल्स्पाने एक नाही, नऊ फोटो काढले. समोरून, बाजूने, खुरांचे, दातांचे, पाठीशी मोजपट्टी धरून. ब्रुना सारखी मान वळवी. तुम्मस दटावू लागला, "नीट उभी राहा गं बये! लग्नाचे फोटो आहेत तुझे!"

ब्रुनाला जोडीदार कुणाकडे आहे का, असे विचारून एल्स्पाने फोटो वर्तमानपत्राला धाडले. ते छापून आले आणि गावातल्या दुकानात एकच हशा पिकला. "मास्तरीणबाई, पत्रिका कधी वाटताय?" दुकानदार म्हणाला. एल्स्पाने पाव घेतला आणि ती घरी आली. तुम्मसने खाटकाला महिनाअखेरपर्यंत थांबवले होते. दिवस चालले होते, पत्र येत नव्हते. त्या दिवसांत मी फार अस्वस्थ होतो. माझे काम कमी तर पडले नाही ना?

महिना संपायला चार दिवस उरले आणि उत्तरेकडच्या बेटावरून हानुस नावाच्या शेतकऱ्याचे पत्र आले. 'माझ्याकडे एक घोडा आहे. मला वाटत होतं, हाच शेवटचा.'

तुम्मसने एल्स्पाला ते पत्र तीनदा वाचायला लावले. वसंतात तो स्वतः ब्रुनाला होडीतून घेऊन गेला. वाटभर वाऱ्याच्या बाजूला तिला आडोसा होऊन उभा राहिला. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात शिंगरू झाले. फोटो काढताना त्याने सरळ माझ्या काचेला नाक लावले. फोटो पार धूसर आला. तुम्मसने हट्टाने तोच मागून घेतला.

पुढे एल्स्पा थकली आणि मी पेटीत गेलो. वर्षानुवर्षे अंधार, कुबट वास. कुणाला माझी गरज नाही, असे वाटून वाईट वाटायचे. शेवटी तिची नात मार्युन हिने मला बाहेर काढले, पुसले आणि खिडकीत ठेवले. फोटो ती तिच्या फोनवर काढते. मला त्याचा राग नाही. खिडकीतून मला कुरणातले ब्रुनाच्या वंशातले सात घोडे दिसतात, आणि त्यांतल्या दोन घोड्या यंदा गाभण आहेत.

मित्रांनो, मी घोड्याचे रूप जपू शकतो; त्याचा ऊबदार श्वास मला जपता येत नाही. तुमच्याच मातीत वाढलेले, इतरत्र कुठे न सापडणारे एखादे जनावर तुमच्या गावात असेल, तर त्याचा फोटो जरूर काढा. आणि मग कॅमेरा बाजूला ठेवून त्याला गवत घाला.