आडवी झाडं, उभी तूर

आमच्या शेताला लागून दगडगोट्यांची एक चढण आहे. तिला सगळे शिकारीची बरड म्हणतात, कारण कधीकाळी साहेबलोक बंदुका घेऊन तिथे हरणं मारायला यायचे. पुढे शिकार बंद झाली, साहेब गेले, बरड आमच्या नावावर आली आणि हरणं आमच्या तुरीवर आली.

म्हणून दिवाळी झाली की आमचे हे, म्हणजे देवमन, खाट उचलून शेतात जागलीला जायचे, ते थेट तूर निघेपर्यंत. रात्रभर थंडीत डबा बडवायचा आणि सकाळी खोकत घरी यायचं. मागच्या हिवाळ्यात खोकला छातीत उतरला. मंगरुळपीरचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा दवात झोपलात तर माझ्याकडे येऊ नका. यांनी मान हलवली. मान हलवण्यात आमचे हे पटाईत आहेत. मी मात्र तिथेच ठरवलं, यंदा माझा माणूस घरात झोपणार.

बरडीवर सुबाभूळ माजली होती. पाला सगळा वर, खाली उघडी माती. हरणाच्या तोंडाला काही लागेना, पाडसाला लपायला आडोसा नाही. मग ती तुरीत नाही येणार तर कुठे जाणार? माझ्या माहेरी मेडशीला आई बकऱ्यांसाठी फांदी अर्धीच तोडायची आणि खाली वाकवून ठेवायची. सालीला धरून राहिलेली फांदी मरत नाही, पाला देत राहते. मला वाटलं, फांदीचं जमतं तर अख्ख्या झाडाचं का जमू नये?

पोळा झाला, जमिनीत ओल होती, तेव्हाच कुऱ्हाड घेऊन मी बरडीवर गेले. कमरेच्या उंचीवर तिरपे घाव घालायचे, निम्म्याहून जास्त कापलं की थांबायचं आणि खांद्याने रेटून झाड आडवं करायचं. ते करकरत खाली यायचं, पण एका बाजूने बुंध्याला धरून राहायचं. शेजारचे उकंडराव धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, उभे राहून बघत होते.

"वहिनी, हरनायसाठी बंगला बांधून राह्यल्या काय?"

"हो भाऊ. वास्तूले या जेवाले!"

घरी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "पाहू. पन शेंग भरल्यावर तुरीत एक जरी ताजा खूर दिसला, तं खाट वावरातच राहीन."

"अन् नाही दिसला तं?"

"तं खाट घरी."

एवढ्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मी मेडशीला गेले. परत येऊन बघते तर माझी निम्मी झाडं बुंध्यापासून वेगळी पडलेली, पाला वाळून चुरा झालेला.

"हे कोनं केलं?"

"म्या," हे छाती फुगवून म्हणाले. "तुह्याच्यानं पुरे तुटत नोते. मनलं, आपनच पुरे करून द्यावं."

गावात यांच्या कुऱ्हाडीचं नाव आहे. घाव अर्धा सोडायचा म्हणजे यांना पंगतीतून अर्धपोटी उठल्यासारखं वाटतं. बायको थकली असेल म्हणून या भल्या माणसाने प्रेमापोटी माझी सगळी मेहनत मातीत घातली होती. मला इतका राग आला की मी बोललेच नाही. मी बोलत नाही म्हटल्यावर हे घाबरले आणि दुसऱ्या दिवशी आपणहून माझ्यामागे बरडीवर आले.

आता यांचे घाव आणि माझा हुकूम. झाड लवायला लागलं की मी ओरडायची, "बस!" यांची कुऱ्हाड वरच्या वर थांबायची.

"अवं, एकच घाव राह्यला!"

"तोच नोको."

दोन झाडं यांनी सवयीने तोडलीच. बाकीची राहिली. थोड्याच दिवसांत आडव्या झाडांना कोवळी पालवी फुटली, बुंध्यांतून धुमारे आले, वेली वर चढल्या आणि खाली गवत दाटलं. जिथून आरपार दिसायचं तिथे आता म्हैस बसली तरी दिसली नसती.

शेंग अजून भरायची होती, म्हणून दिवाळीनंतर हे खाट घेऊन शेतात गेलेच. मी रोज सकाळी तुरीतून फिरायची. आधी खुरांचे माग दिसायचे. मग कमी झाले. तिकडे बरडीवर मात्र पाला कुरतडलेला, लेंड्या पडलेल्या, गवत दबलेलं. एका सकाळी आडव्या झाडामागून एक हरणी उठली आणि तिच्या मागे तिचं पाडस. माझ्याकडे पाहून दोघं पुन्हा पाल्यात शिरली. तुरीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला एवढा आनंद झाला की एकटीच मोठ्याने हसले.

शेंग भरली तशी मी यांना तुरीच्या एकेका ओळीतून फिरवलं. शेवटच्या ओळीत हे खाली वाकले.

"हा पाह्य, खूर!"

मी पटकन खाली बसले. मी बोटाने दाबून पाहिलं. माग दगडासारखा टणक होता.

"हा पावसाळ्यातला हाय. चिखलात उमटला अन् वाळला. ताजा दाखवा."

हे बराच वेळ शोधत राहिले. मग खाटेवरची वाकळ गुंडाळली आणि भर दुपारी खाट डोक्यावर घेऊन गावातून निघाले. मागे मी, मान ताठ. पारावरून कोणीतरी विचारलं, "काहून देवमन, जागल सोडली?"

"रत्नमालेले इचारा," हे माझ्याकडे हात करून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात उतरली तेव्हा उकंडराव कुऱ्हाड घेऊन दारात उभे. त्यांच्या तुरीचा रात्री पुन्हा फडशा पडला होता आणि त्यांच्याही नाल्यावर सुबाभळीची रांग होती. आल्या आल्या त्यांनी हाक मारली, "देवमन! ए देवमन!"

मी धावत पुढे गेले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला भाऊ. निजले हायेत."

इतक्या वर्षांत हिवाळ्यातल्या सकाळी हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. उकंडरावांनी आवाज खाली घेतला, चपला काढल्या आणि हे उठेपर्यंत ओट्यावर चुपचाप बसून राहिले.