पाऊण तासाची बॅटरी

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आमच्या वस्तीतल्या, कॅम्प चारच्या बुद्धविहारात वंदना संपली आणि वीज गेली. लोडशेडिंगची वेळ बदलल्याचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पंखे थांबले. मांडीवरच्या लॅपटॉपने कोपऱ्यात आकडा दाखवला: पाऊण तास.

त्यात आईचं शेवटचं गाणं होतं. आजारपणात तिने ते रचलं आणि पलंगावर बसून, मधे धाप लागत, माझ्यासमोर म्हटलं. मी रेकॉर्ड केलं. "बायकांच्या तोंडी बसलं पाहिजे गं," एवढंच ती म्हणाली. तिच्या गायन मंडळातल्या बायका आज अंबरनाथ, बदलापूर, शहाडहून आल्या होत्या. निम्म्याजणींना लिहिलेलं वाचता येत नव्हतं, आणि चाल काही कागदावर उतरत नाही.

"आजच शिकव," आईची गाण्यातली जोडीदारीण विठामावशी म्हणाली. "सगळ्याजणी परत कुठं एका सतरंजीवर सापडायच्या? चालेल किती ते?"

"पाऊण तास."

"तेवढ्यात आमचा नुसता गळा साफ होतो!"

बायका हसल्या. त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

"ताई, आधी माझी सीडी," धाकटा महेंद्र म्हणाला. त्याने आईच्या फोटोंची सीडी केली होती. प्रत्येक फोटोवर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. मी ती लावली. आत चकती घरघरायला लागली आणि आकडा भराभर उतरला. मी थांबवली.

"का गं?"

"ही फिरली की बॅटरी पिते. स्क्रीनसुद्धा."

"म्हणजे आईचे फोटो नकोत?"

"तिचा चेहरा इथं सगळ्यांना पाठ आहे. गाणं कुणालाच नाही."

मग त्यानेच बटण दाबून सीडी बाहेर काढली.

आई जीन्सच्या कारखान्यातून आली की स्टोव्हवर डाळ चढवायची. उकळी आली की वात खाली, थोड्या वेळाने स्टोव्हच बंद. पातेल्यावर झाकण, झाकणावर वरवंटा. मी स्टोव्ह पुन्हा पेटवायला गेले की म्हणायची, "आतल्या आत शिजतं. जाळतेस कशाला?" डाळ शिजायचीच.

मी स्क्रीनचा उजेड अगदी खाली आणला. वायरलेस बंद केलं. खाली लाल दिवा जळणारा माऊस उपटला. उघडे राहिलेले सगळे प्रोग्रॅम मिटले. आकडा वर सरकला.

"आता तर काहीच दिसेना," मावशी डोकावून म्हणाली.

"दिसायचं नाहीच आहे, मावशी. ऐकायचंय."

गाणं पुन्हा पुन्हा वाजत राहील असं लावून मी लॅपटॉपचं झाकण मिटलं. आवाज तुटला. मशीन झोपलं होतं. कुणीतरी हळूच म्हणालं, "गेलं?" झाकण उघडून मी सेटिंग बदललं: मिटलं तरी चालू राहायचं. पुन्हा मिटलं. काळ्या डब्यातून आईचा बारीक आवाज आला. पंखे चालू असते तर तो बायकांच्या दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचला नसता. बायका सरकत सरकत जवळ आल्या.

*मी धागे कातरिते बाई, धागे कातरिते*
*लेक माझी पाटीवर अक्षर जोडिते*

गाणं फिरत राहिलं. आधी ओठ हलले, मग आवाज आले. दुसऱ्या ओळीत 'पाटीवर'नंतर सगळ्याजणी एकदम थांबल्या. आई तिथे थांबली होती म्हणून.

"अगं, थांबताय काय?" मावशी ओरडली. "ती चाल नाही, धाप आहे! ती दमली होती, तुम्ही कशाला दमताय?"

कुणी पदर तोंडाला लावला, कुणी हसलं. पुढच्या खेपेला त्या थांबल्या नाहीत. आई 'पाटीवर' म्हणून श्वास घेत होती, तेव्हा तिची ओळ बायका पुढे नेत होत्या. ती परत आली तेव्हा गाणं तिच्यासाठी जागेवर तयार होतं. मग टाळ्या लागल्या. दाराशी चपला काढत उभी असलेली माणसं तशीच उभी राहिली. डब्यातला आवाज आता मलाही ऐकू येईना.

पाऊण तास कधीच उलटून गेला होता. मी झाकण किंचित उचलून पाहिलं. बॅटरी अजून शिल्लक होती.

"अजून चालूच आहे का ते?" दोन ओळींच्या मधे मावशी म्हणाली. "बंद कर. आलंय आम्हाला. जाळतेस कशाला?"

मी मशीन बंद केलं, पिशवीत ठेवलं, आणि दुसऱ्या ओळीपासून त्यांच्यात गायला लागले.