उशिरा आलेला 'चालू'

शिक्रापूरच्या एका छोट्या कंपनीत मर्सी कामाला होती. शेतातल्या मोटारी मोबाईलवरून चालू-बंद करायचं सॉफ्टवेअर तिनंच लिहिलेलं. त्यात प्रत्येक कामाला प्रोग्रामचा एक स्वतंत्र तुकडा, म्हणजे 'अ‍ॅक्टर' होता. मोटारीचा वेगळा, फोनचा वेगळा, न पोचलेला हुकूम पुन्हा धाडणारा आणखी वेगळा. हे अ‍ॅक्टर एकमेकांच्या कामात हात घालत नसत, नुसते निरोप पाठवत.

आधी 'चालू', मग 'बंद' असे निरोप पाठवले की मोटार शेवटी बंदच असली पाहिजे, हे तपासणारी तिची टेस्ट अधूनमधून नापास व्हायची. कारण सापडेना आणि काम देण्याची तारीख तोंडावर आलेली. शेवटी तिनं टेस्टमध्येच दोन निरोपांच्या मध्ये थोडं थांबायची ओळ घातली, म्हणजे पहिला पोचल्यावरच दुसरा जाई. टेस्ट पास झाली. ती शिरूरच्या बसला बसून घरी गेली.

दिवाळीनंतर वडगाव रासाईत म्हाताऱ्या सर्जेरावांची दोन बोटं मोटारीच्या पट्ट्यात गेली.

नदीवरची ती मोटार त्यांची आणि शेजारच्या मल्हारीची सामाईक, चालायची मल्हारीच्या फोनवर. त्यानं 'चालू' दाबलं, पण रेंज नव्हती, मोटार हललीच नाही. तेवढ्यात पट्ट्यात अडकलेलं पाचट दिसलं म्हणून त्यानं 'बंद' दाबलं आणि सर्जेरावांना म्हणाला, "घाला हात, बंद हाय." हात आत असतानाच मोटार फिरली.

कंपनीचा मालक विक्रम मर्सीला घेऊन चौकशीला गेला. नोंदीत शेवटचा हुकूम 'चालू' दिसत होता. "नंतर चुकून पुन्हा दाबलं गेलं तुमच्याकडून," विक्रम म्हणाला.

मल्हारी बांधावर बसला होता. "फोन खिशात व्हता, साहेब," तो हळूच म्हणाला. "खिशातच दाबला गेला आसंल. माझ्याच हातनं झालं म्हनायचं."

मर्सीला थांबायची ती ओळ आठवली. पण विक्रमनं गाडी सुरू केली, तशी ती मुकाट्यानं जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमध्ये सगळे उभे राहून गात होते, ती मधेच बाहेर पडली. घरी न जाता ती तडक ऑफिसात आली. थांबायची ओळ तिनं काढून टाकली. या खेपेला प्रत्येक निरोप तिनं स्वतःच्या हातानं मोटारीच्या अ‍ॅक्टरला दिला, आधी 'बंद', मग न पोचल्यामुळे पुन्हा धाडलेला जुना 'चालू'. मोटार चालू झाली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. टेस्ट पहिल्यापासून खरं सांगत होती. तिनंच तिचं तोंड बंद केलं होतं.

तिनं विक्रमला फोन करून सगळं सांगितलं.

"दुरुस्त करून टाक," तो म्हणाला. "गावात बोलायची गरज नाही."

"आधी सगळ्यांचं मोबाईलवरून चालू करणं थांबवलंय, सर. आणि मी गावात सांगणार आहे."

त्याच दिवशी मल्हारीला ती घरी जाऊन भेटली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काल ठावं व्हतं का तुम्हाला?"

"शंका आली होती, मामा."

"मंग गप का बसला?"

ती मान खाली घालून उभी राहिली. "मला सांगून काय उपेग," तो म्हणाला. "सर्जेराव आबांना सांगा. ते माझ्याशी बोलंना झाल्यात."

सर्जेराव दौंडच्या दवाखान्यात होते, हाताला जाड बँडेज. मर्सीनं कॉटपाशी उभं राहून सांगितलं, चूक मल्हारीची नव्हती, माझी होती. म्हाताऱ्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मल्हारीला फोन लाव," ते म्हणाले.

तिनं लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. "मल्हारी, म्या हाय," ते म्हणाले. मग दोघं बोलत राहिले, उसाचं, पाळीच्या पाण्याचं. हात अवघडला तरी मर्सीनं फोन हलू दिला नाही. तिच्याकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही.