तीन नंबरचा पंप

तीन वाजून गेले तरी स्क्रिप्ट ढिम्म. पंपघराची ऑपरेटर ती बंद करून पाचव्यांदा सुरू करत होती आणि जगातल्या यच्चयावत कॉम्प्युटरांच्या नावाने बोटं मोडत होती.

काम एवढंसं. कुणा जुन्या इंजिनिअरने लिहिलेला प्रोग्रॅम रोज साडेचारला चालवायचा आणि तो देईल तो पंपांचा अहवाल ऑफिसला पाठवायचा. या साडेचारपायी चार वर्षांत तिने लेकीची एकही शर्यत पाहिली नव्हती. आज पाचला पोहण्याची अंतिम फेरी. साहेबांनी सूट दिली, तीही खोचून: "अहवाल आपोआप येऊ दे, मग खुशाल जा." म्हणून हा खटाटोप. स्क्रिप्टने प्रोग्रॅम चालवायचा, तो जे बोलेल ते फाइलमध्ये झेलायचं आणि पाठवून द्यायचं.

फाइल कोरी. हाताने चालवला की तोच प्रोग्रॅम गुणी बाळासारखा वागायचा. तिचं आता रडायचंच बाकी होतं.

वायरमन चहा घेऊन मागे उभा होता. "ताई, हाताने चालवताना तुम्ही मधेच एक बटण दाबता ना?"

"कुठलं बटण?"

"ते मला काय ठाऊक! रोज दाबता, कप उचलता उचलता."

तिने प्रोग्रॅम पुन्हा हाताने सुरू केला आणि हात मांडीवर ठेवले. पडद्यावर एक ओळ येऊन थांबली: 'तीन नंबरचा पंप कान लावून ऐकला का?'

चार वर्षं तिचं बोट ही ओळ न वाचताच 'हो' म्हणत आलं होतं. स्क्रिप्ट चालवली की हा प्रश्नही झेलला जायचा, पण प्रोग्रॅम संपेपर्यंत फाइलमध्ये उतरायचा नाही, म्हणून कुणाला दिसायचाच नाही, आणि प्रोग्रॅम बापडा उत्तराची वाट बघत बसायचा. ऐकायला वेळ कुणाला होता? तिने चडफडत स्क्रिप्टमध्येच 'हो' लिहून टाकलं. चुटकीसरशी अहवाल आला. तिने पर्स उचलली.

बाहेरची वाट खाली पंपांवरूनच जायची. तीन नंबरपाशी तिचे पाय अडखळले. स्वतःवरच वैतागून तिने कान लावला. आत खरखर चालली होती, कुणी दातओठ खावेत तशी.

"बेअरिंग गेलंय," वायरमन म्हणाला. "हा बंद केला तर बाकीचे दोन कुणीतरी हाताने सांभाळायला हवेत. फिटर यायला सात वाजतील."

कुणीतरी म्हणजे कोण, हे दोघांनाही माहीत होतं. तिने पंप बंद केला, वर येऊन स्क्रिप्टमधला तो 'हो' पुसला, प्रोग्रॅम हाताने चालवला आणि पहिल्यांदाच प्रश्न वाचून, खरंखुरं 'हो' लिहिलं. मग फोन लावला.

"आई, निघालीस? झाली तुझी स्क्रिप्ट?"

"झाली गं."

"मग ये ना लवकर!"

तिने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडे सरावाची शिट्टी वाजली आणि लेकीने घाईघाईने फोन ठेवला.