पाठ टेकेपर्यंत

मी एक जुना बाक आहे. जुना म्हटल्यावर नाक मुरडू नका, मित्रांनो. आणि माझ्यावर बसायचं असेल तर आधी हात धुऊन या. चिकट बोटं माझ्या कडेला पुसणारी पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत, तुम्ही काही पहिले नाही.

एका सुतारानं मला चर्चसाठी घडवलं. आम्ही सहा भावंडं. प्रत्येकाला बसायची लांब फळी, मागे पाठ आणि पायाशी गुडघे टेकायची एक बुटकी फळी. पाच भावंडांच्या पाठी त्यानं मोजपट्टी लावून केल्या. माझी मात्र बायकोला बसवून केली. ती दिवसभर लोकांचे कपडे धुऊन दमून यायची. हा म्हणायचा, "बस गं जरा." ती टेकायची आणि म्हणायची, "छे, कमरेत टोचतंय." की हा पुन्हा रंधा घेऊन सुरू. आठव्या दिवशी ती टेकली आणि नुसतं "हं" म्हणाली. त्यानं रंधा खाली ठेवला. तेव्हापासून मला माझ्या पाठीचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

पण याच पाठीनं घात केला. माझ्यावर बसलेली माणसं फादरांचं प्रवचन सुरू झालं की पेंगायला लागायची. एकदा एक आजोबा असे घोरले, की फादर मध्येच थांबले. दुसऱ्याच आठवड्यात माझी उचलबांगडी झाली. बाकीची पाच भावंडं अजून तिथंच आहेत, ताठ आणि टोचरी.

मला आणलं त्याच रस्त्याच्या टोकाला, सिस्टरांच्या घरात. ज्या बायकांना स्वतःच्या घरात राहणं कठीण झालंय, त्या मुलाबाळांना घेऊन इथं येतात. वर झोपायच्या खोल्या, खाली स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याची मोठी खोली. बाहेरचा दरवाजा आणि ऑफिस यांच्या मधल्या बोळात मला ठेवलं. आधी वाईट वाटलं. कुठं तो ऑर्गनचा आवाज आणि कुठं हा ओल्या चादरींचा वास! पण पहिली बाई येऊन बसली आणि मला कळलं, माझी खरी जागा हीच.

मित्रांनो, नव्यानं आलेली बाई कशी बसते ठाऊक आहे? काठावर. चार बोटं जागा घेऊन, पिशवी मांडीवर आणि डोळे दरवाजाकडे. म्हणून मोठ्या सिस्टरांनी एक नियम केला. बाई पाठ टेकून बसेपर्यंत तिला एकही प्रश्न विचारायचा नाही. नावसुद्धा नाही. चहा द्या, जेवण द्या, रात्री पलंग द्या, पण प्रश्न नाही.

मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "काठावर बसलेली बाई खरं उत्तर देत नाही. आपल्याला हवं ते उत्तर देते."

म्हणजे या घरात कोणाला कधी आत घ्यायचं ते माझी पाठ ठरवायची! एखादी पाच मिनिटांत टेकायची, एखादीला दोन दिवस लागायचे. टेकली की मोठ्या सिस्टर शेजारी येऊन बसायच्या आणि हळूच नाव विचारायच्या. मग तिला स्वतःचं कपाट मिळायचं, काम मिळायचं, मुलांची शाळा ठरायची. नियम चांगला होता. पण चांगल्या नियमातही चूक कशी घुसते, ते ऐका.

एकदा बिशप येणार म्हणून घरात झाडलोट सुरू झाली. रंगाऱ्यानं मला पॉलिश केलं. बसायची फळी आदल्या दिवशीच वाळली होती, पाठ मात्र त्या सकाळी ओली होती. आणि नेमकी तेव्हाच एक बाई आली. सोबत सहा वर्षांची मुलगी. बाईच्या कपाळावर जखमेची जुनी खूण होती आणि मुलगी आईचं बोट सोडत नव्हती.

स्वयंपाकघरातली मावशी धावत आली. मावशीचा आवाज असा, की पातेली घाबरतात, पण मन साखरेचं.

"ये बाई, बस. पण पाठ टेकू नकोस हं, पॉलिश ओलं आहे!"

"बरं," बाई म्हणाली.

मावशी चुलीकडे पळाली आणि पाहुण्यांच्या गडबडीत साफ विसरली. बिशप आले, पडद्यांचं कौतुक करून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही. जाऊ दे.

पॉलिश त्याच संध्याकाळी वाळलं. पण बाई टेकेना. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. सकाळी खाली यायची आणि दिवसभर माझ्यावर ताठ बसायची. मुलगी गुडघ्यांच्या फळीवर बसून खडूनं चित्रं काढायची. त्या मुलीला ती फळी अगदी मापाची झाली होती.

चौथ्या दिवशी धाकट्या सिस्टर कुजबुजल्या, "सिस्टर, निदान नाव तरी विचारू का?"

"पाठ टेकली?"

"नाही."

"मग नाही. घाई करू नकोस, बाळ."

त्याच दिवशी आणखी एक बाई आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ती धपकन टेकली आणि तासाभरात ऑफिसात गेलीसुद्धा. ही बघत राहिली. मुलगी म्हणाली, "आई, त्या काकू टेकल्या की."

"त्यांना चालतं," आई म्हणाली. "आपल्याला नको सांगितलंय."

मित्रांनो, माझा जीव नुसता तडफडला. आयुष्यभर माझा एक सांधा वाजला नाही याचा मला अभिमान. त्या दिवशी वाटलं, एखादा खिळा सैल असता तर बरं झालं असतं. निदान करकरलो तरी असतो.

पाचव्या दिवशी सकाळी ती उठली आणि पिशवी खांद्याला लावली.

"चल. आपल्याला इथं कोणी विचारत नाही."

"कुठं जायचं?"

"घरी."

मुलीनं खडू हळूहळू डबीत भरले. एकच विचारलं, "बाबांकडे?" आईचा हात कपाळावरच्या खुणेवर गेला, तेवढाच.

दरवाजा उघडला, तर समोर मावशी, पावाची टोपली घेऊन.

"कुठं निघालीस गं?"

"घरी जाते, मावशी. चार दिवस जेवू घातलंत, उपकार झाले."

"आणि कोणाला सांगितलंस?"

"कोणी विचारलंच नाही."

"विचारतील कसं?" मावशी कडाडली. "टेकलीस का कधी? पाच दिवस बघतेय, काठी गिळल्यासारखी बसतेस! पाठ टेकल्याशिवाय कोणी विचारत नाही इथं!"

"तुम्हीच म्हणालात ना, टेकू नकोस."

मावशीनं टोपली खाली ठेवली.

"अगं... ते पॉलिश... ते तर त्याच संध्याकाळी वाळलं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं. मीच नाही सांगितलं." मावशी येऊन माझ्यावर धप्पकन बसली आणि पूर्ण रेलली. मग पाठमोरी होऊन मुलीला म्हणाली, "बघ गं, लागलंय काही माझ्या पाठीला?"

मुलीनं नीट तपासलं. बोटसुद्धा फिरवलं. "पीठ लागलंय. पॉलिश नाही."

"ते पीठ माझंच!" मावशी म्हणाली, आणि बाईकडे वळली. "बस, माझी आई. आता टेक."

बाई बसली. जरा मागे सरकली, अजून जरा मागे. मग तिची पाठ माझ्या पाठीला लागली आणि तिच्या तोंडून निघालं, "हं."

मित्रांनो, तोच आवाज! सुताराच्या बायकोचा!

मावशीचा आवाज ऐकून मोठ्या सिस्टर आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "चूक मावशीची नाही, माझी. मी रोज हिची पाठ बघितली, तोंड बघितलंच नाही." मग शेजारी बसून त्यांनी नाव विचारलं. तिनं सांगितलं. नाव सिस्टरांना सांगितलं होतं, मला नाही, म्हणून मी ते तुम्हाला सांगणार नाही.

आज धुण्याची खोली तीच सांभाळते. चादरीची घडी वाकडी घातली तर मावशीलाही सोडत नाही. मुलगी आता उंच झालीय, पण शाळेतून आली की अजून त्याच फळीवर बसते, गुडघे हनुवटीला लावून. नियम अजून आहे. फक्त आता काठावरच्या बाईशेजारी मोठ्या सिस्टर रोज थोडा वेळ नुसत्याच येऊन बसतात. काही न विचारता.

माझं पॉलिश पुन्हा उडालंय. ते यंदा केलंत तर मी नको म्हणणार नाही. कडेचं च्युइंगम ज्यानं लावलंय त्यानंच काढावं, तो मला ठाऊक आहे. पण एवढं ऐका, मित्रांनो. एखाद्याला तुम्ही "टेकू नकोस" म्हणालात ना, तर पॉलिश वाळल्यावर त्याच्याकडे परत जा आणि सांगा. तो बिचारा अजून ताठ बसला असेल.