खांद्यावरून उतरलेले घात

जठारपेठेतल्या त्या दोन खोल्यांत घड्याळ नव्हतं, म्हणून देवमनने बहिणीला भाकरीवर गणित शिकवलं. शालूने भाकर तव्यावर टाकली की तो समीकरण टाकी, आणि भाकर फुगायच्या आत उत्तर आलंच पाहिजे, असा त्याचा दंडक.

"तीनचा क्षवा घात एक्क्याऐंशी. क्ष किती?"

"चार."

"पाचचा, एकशे पंचवीस?"

"तीन. इतकं सोपं काहून देतं दादा?"

"सकायपासून घात, घात. दुसरं काई तरी बोला न," त्यांची आई चतुराबाई वैतागून म्हणे. घात म्हणजे आकड्याने स्वतःलाच किती वेळा गुणायचं त्याचा हिशेब, हे तिला समजावूनही उपयोग नव्हता. तिच्या लेखी शब्द वंगाळ तो वंगाळच.

साल त्रेसष्टचं. इंजिनिअरिंग डिप्लोमाची चाळणी परीक्षा अमरावतीला होती आणि बहीणभाऊ दोघंही बसणार होते. देवमन मागल्या साली थोडक्यात हुकला होता. पुढच्या साली त्याचं वय उलटणार, म्हणजे ही त्याची शेवटची संधी. शालूची पहिलीच. पोरगी काय पूल बांधणार, असं गल्लीत कोणी हसलं की देवमन "शालू बांधीन, अन तुमीच त्यावरून जासान" म्हणून मोकळा होई.

अमरावतीच्या त्या हॉलमध्ये पेपर हातात पडला आणि शालूने पहिला विभाग झपाट्याने उरकला. दुसरा विभाग घातांकांच्या समीकरणांचा, तिच्या हक्काचा. पहिलंच गणित, ५क्ष = १२५. पाचने भागलं, पंचवीस. ३क्ष = ८१. सत्तावीस. २क्ष = ६४. बत्तीस. आजूबाजूला पेनं नुसती पळत होती आणि पोरांचे चेहरे लग्नात जेवायला बसल्यासारखे खुलले होते.

मग ती अडखळली. चाळणी परीक्षेत चौथीतलं गणित? एकशे पंचवीस, एक्क्याऐंशी, चौसष्ट. ही तर रोज चुलीपाशी भेटणारी मंडळी. घात छापायचा तो बारीक अक्षरात, आकड्याच्या खांद्यावर. छापखान्याने तो खाली उतरवून आकड्याच्या शेजारी, त्याच्याएवढाच मोठा करून बसवला होता. पाचला क्षने गुणायचंच नव्हतं. क्ष हाच घात होता.

पुढच्या बाकावर देवमनने पेन बंद करून पाठ टेकली होती. दादा चुकेल? ज्याने शिकवलं तोच? पर्यवेक्षकांना विचारलं तर ते म्हणाले, "छापलं आहे ते सोडवा. दहा मिनिटं राहिली." शालूने विभागावरचा 'घातांकांची समीकरणे' हा मथळा पुन्हा वाचला आणि आधीच्या सगळ्या उत्तरांवर काट मारली.

मग काय विचारता. पंचवीसचे तीन झाले, सत्तावीसचे चार, बत्तीसचे सहा. पुढचं होतं २क्ष + ३ = ४क्ष. ती मनातल्या मनात म्हणाली, उचल सगळं वर. दोनच्या खांद्यावर क्ष अधिक तीन, चारच्या खांद्यावर क्ष. आता पाया सारखा कर, चार म्हणजे दोनचा वर्ग. पाया सारखा, तर घातही सारखे. क्ष अधिक तीन बरोबर दोन क्ष. क्ष तीन. पडताळा घेतला, इकडे चौसष्ट, तिकडेही चौसष्ट. तिला हसूच फुटलं. उरलेली गणितं तिने अशी उडवली की घंटा झाली तेव्हा एकही जागा रिकामी नव्हती.

बाहेर लिंबाखाली देवमन खुशीत उभा होता. "चौथ्याचं दीड आलं न?"

"तीन," शालू म्हणाली.

त्याने पेपर उघडला. मथळ्यावर बोट ठेवून त्याने तो अक्षर अक्षर वाचला. त्याचा चेहरा उतरलेला शालूला पाहवेना.

तेवढ्यात केंद्रप्रमुख व्हरांड्यात आले. छापताना घात खाली आले आहेत, पण उत्तरं घात धरूनच तपासली जातील, असं त्यांनी जाहीर केलं. एकच गलका उठला. विभाग रद्द करा, विभाग रद्द करा. चांदूर बाजारहून परीक्षेला आलेल्या भगवंतने देवमनला पुढे ढकललं. "तू सगळ्यात मोठा, तूच बोल. आमी तुया मागं हाओ."

विभाग रद्द झाला तर देवमन तरणार होता, आणि शालूची सगळी कमाई पाण्यात. तरी तीच त्याच्या कानाशी म्हणाली, "बोल न दादा. मले पुढच्या साली बसता येते."

देवमन पायऱ्या चढला. गलका थांबला.

"साहेब, वर घातांक लिहिलं होतं," तो म्हणाला. "मी वाचलं नाई. ह्या पोराईनं बी वाचलं नाई. माया बहिणीनं वाचलं. तुमी पेपर तपासा."